खाजणातलं प्रश्नचिन्ह

या सदरातले अनुभव मी पुष्कळ वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच वाचत आले. आमच्या घरी भूत नव्हतं आणि देवही नव्हता. वडील अकोल्याहून मुंबईत आले आणि घाटकोपरच्या दोन खोल्यांत आम्ही चार भावंडं वाढलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं. शाळेतून कुणी पांढऱ्या साडीतल्या बाईची गोष्ट घेऊन आलं की वडील विचारायचे, "तू पाहिलीस का? नाही ना? मग ज्याने पाहिली त्याला घरी घेऊन ये, चहा पाजू." तसा माणूस आम्हाला कधी सापडला नाही.

आता तो माणूस मीच आहे. चहा पाजायला वडील राहिले नाहीत.

घडलं ते क्रमाने लिहिते. तीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होते, क्रम लागल्याशिवाय मला काही सुचत नाही. मी वंदना, वय एकसष्ट, राहणार मुलुंड पश्चिम. माझा नवरा अविनाश सर्व्हेअर होता. सरकारी नोकरीत जमिनी मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं. आम्हाला मूल नाही. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने त्याने टेप घेऊन घरातली प्रत्येक भिंत मोजली. आमचं स्वयंपाकघर काटकोनात नाही, हे पंचवीस वर्षांनी मला तेव्हा कळलं. मग कुठून तरी त्याला जिओकॅशिंगचा पत्ता लागला आणि माझी सुटका झाली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुणीतरी एक डबा शहरात लपवतो. कधी जेवणाच्या डब्याएवढा, कधी औषधाच्या बाटलीएवढा. त्या जागेचे अक्षांश-रेखांश तो वेबसाइटवर टाकतो आणि बाकीच्यांनी फोन हातात घेऊन तो शोधायचा. डब्यात कागदाची एक पट्टी असते. डबा सापडला की पट्टीवर आपलं टोपणनाव आणि तारीख लिहायची, आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून द्यायचा. बक्षीस वगैरे काही नाही. पण एक नियम कडक. पट्टीवर नाव नसेल तर डबा सापडलाच नाही असं धरतात.

अविनाशचं टोपणनाव 'ओळंबा'. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. नावापुढे तो वेळ लिहायचा आणि त्या क्षणी समोर दिसलेली एक गोष्ट. "ओळंबा. ८.१५. घार." "ओळंबा. ५.४०. वाळत घातलेले बोंबील." मोजणीच्या वहीत असं टिपायची त्याची जुनी सवय. लिहायचा टणक पेन्सिलीने, कारण शाई ओलीने पसरते. त्याचे चार आणि नऊ मी हजार आकड्यांत ओळखीन.

मुंबईत हा खेळ खेळणारे फार लोक नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी ते भेटायचे, कधी बोरिवलीच्या एखाद्या बागेत, कधी जुहूच्या वाळूत. अविनाश त्यांच्यात सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यांचा 'काका'. मी एकदाच गेले होते, जुहूला.

"काकू, तुम्ही का नाही खेळत?" तेजसने विचारलं. तेजस घाटकोपरचा, पस्तिशीतला, कॉम्प्युटरवाला. आमच्या बाजूचे निम्मे डबे त्यानेच लपवलेले.

"माझा जन्म हरवलेली पुस्तकं शोधण्यात गेला," मी म्हटलं. "आता मुद्दाम लपवलेलं काही मी शोधणार नाही."

"घे! वाट लागली तुझी," रेश्मा म्हणाली. ती बोरिवलीची, दातांची डॉक्टर, तोंडाने फटकळ. "आणि बरोबरच आहे ना काकूंचं. मागच्या वेळी याने मला गटारात उतरवलं."

"डबा पुलाच्या कठड्याला होता. गटारात तू स्वतःहून गेलीस."

"फोन तिकडेच दाखवत होता ना रे!"

अविनाश भेळ खात हसत होता. "फोन दहा-बारा पावलं चुकतोच, रेश्मा. नकाशा जवळ नेतो. पुढे डोळ्यांनी पाहायचं."

हे त्याचं वाक्य माझ्या कानांवर पडलं होतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मंगळवार. साडेअकराला आम्हाला त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. सकाळी साडेसातला मी पोळ्या लाटत होते. बाहेर पडताना तो नेहमी फ्रिजवर चिठ्ठी लावायचा, तशी लावली. डब्याचं नाव आणि परतायची वेळ: "जुनं पाणी. अकरापर्यंत येतो."

"टोपी घेतलीस?"

"घेतली."

"पाणी?"

"घेतलं गं बाई."

एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

अविनाश उशीर करणारा माणूस नव्हता. साडेअकराला मी फोन लावला, लागला नाही. बाराला पुन्हा. साडेबाराला त्याचा लॅपटॉप उघडला. 'जुनं पाणी'चं पान समोरच होतं. त्यात इंग्रजीत एक लांबलचक मजकूर, आकड्यांचं काहीतरी कोडं, आणि खाली नकाशा. नकाशावर निळं प्रश्नचिन्ह. नाहूरच्या पूर्वेला, हायवेच्या पलीकडे, मिठागरं संपून खाजण सुरू होतं तिथे. म्हणजे चिखल, तिवरांची दाटी आणि खाडीचं पाणी.

मी समजले, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून न सापडलेला डबा.

खालच्या मजल्यावरचे साळवी घरी होते. ते रिक्षा घेऊन आले. वाटेत पोलीस चौकीत सांगितलं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. सव्वा वाजून गेल्यावर आम्ही मिठागराच्या बांधावर उतरलो. एक तांबडं कुत्रं कुठून तरी आलं आणि मागे मागे चालू लागलं. साळवींनी दोनदा हुसकलं, ते गेलं नाही.

थोड्या वेळाने दोन हवालदार आले. त्यांनी गावातून नारायणदादांना बोलावून आणलं. खाडीत मासेमारी करणारा माणूस, सत्तरीचा, पायांत काही नाही. नारायणदादांनी बांधावरून इकडून तिकडे एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि माझ्याजवळ आले.

"बाय, इथं कोन आला नाय."

"आलेत हो. साडेसातला निघालेत घरून."

"इथं मानूस उतरला असता तं चिखलान पाय दिसलं असतं. आज पानी इथवर चढलंच नाय. चिखल बघ, कोरा हाय."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. "हे बघा ना, इथेच आहे. इथेच दाखवतंय."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ज्याला खाजणाचा कण न् कण ठाऊक होता त्याला मी नकाशा दाखवत होते. जन्मभर छापलेल्यावर विश्वास ठेवला, त्याचं हे फळ.

माझ्या शब्दावर त्यांनी शोध सुरू केला. तीन वाजता लांब बांबू आणले आणि तिवरांच्या मुळांशी चिखलात खुपसून पाहू लागले. बांबू आत जायचा, थांबायचा, 'चप्' आवाज करत बाहेर यायचा. प्रत्येक वेळी तो थांबला की मी डोळे मिटायचे. साडेचारला एका हवालदाराने हायवेवरून पिशवीत चहा आणला. मी बांधावरच्या दगडावर बसले होते. माझा चहा हातातल्या कपात गार झाला. तांबडं कुत्रं पायाशी बसलं होतं.

संध्याकाळ झाली. नारायणदादा म्हणाले, भरतीला अजून वेळ आहे, बॅटरी घेऊन पलीकडच्या ओहोळापर्यंत जाऊन येतो. हवालदारही तयार होते. साळवी म्हणाले, "वहिनी, तुम्ही रिक्षात बसा, आम्ही बघतो."

मी उठले. म्हटलं, "नको. बास झालं. उद्या बघू."

त्यांना वाटलं असेल, बाई थकली. मी थकले नव्हते. त्या बांबूला काही लागलं तर ते मला पाहायचं नव्हतं. एक रात्र तरी तो कुठेतरी जिवंत असू दे, असं काहीसं मनात होतं. हवालदाराने घड्याळ पाहून वहीत लिहिलं आणि लिहिताना तोंडाने म्हटलं, "सहा दहा. शोध थांबवला." ती वेळ तशी माझ्या लक्षात राहिली.

घरी येऊन, दुसरं काही सुचेना म्हणून, मी त्या पानावरून डबा लपवणाऱ्याला एक निरोप लिहिला. 'माझे पती तुमचा डबा शोधायला गेले, परतले नाहीत.' सकाळी सातला फोन वाजला. तेजस होता. तो डबा त्यानेच लपवलेला.

"काकू, काका आले का?"

"नाही."

"कुठे शोधलंत तुम्ही?"

"खाजणात. तुझं प्रश्नचिन्ह आहे तिथे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काकू," तो म्हणाला, "तो मिस्टरी डबा आहे. प्रश्नचिन्ह खोटं असतं. डबा तिथे नसतोच. कोडं सोडवलं की खरी जागा मिळते... ती वर टेकडीवर आहे, भांडुपच्या मागे. काकांनी कोडं सोडवलं असणार."

"मग ते चिन्ह तिथे का टाकलंस?"

"कुठेतरी टाकावं लागतं. तिकडे कुणी जाणार नाही म्हणून तिथे टाकलं." आणि तो मोठ्याने रडायला लागला.

खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. प्रश्नचिन्ह दिसलं की तिथे जायचं नाही, ही या खेळाची बाराखडी. माझ्या घरात चार वर्षं हा खेळ चालला होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

नऊच्या सुमाराला अविनाश सापडला. तेजस पोलिसांना घेऊन वर गेला होता. खाजणापासून ती जागा सरळ रेषेत तीन किलोमीटरच्या आत. कातळात छातीच्या उंचीवर एक कपार, त्यात डबा, तोंडाशी दगड लावलेला. दोन माणसांच्या उंचीएवढं खाली, उताराच्या तळाशी, अविनाश. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. पाठीवरची सॅक अंगाखाली, पेन्सिल सॅकच्या आत.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर जीव जायला फार वेळ लागला नसावा. त्याच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ होतं, माझ्याच भावाने दिलेलं. त्यात शेवटचा ठोका १०.५२ ला. म्हणजे मी पहिला फोन लावला त्याच्याही आधी. साळवी, माझा भाऊ, पुण्यानुमोदनाला आलेले सगळे मला तेच सांगत राहिले. वंदना, तू कुठेही शोधलं असतंस तरी उपयोग नव्हता. मी तो आकडा औषधासारखा घेत राहिले. दहा बावन्न. रात्री जाग आली की, दहा बावन्न.

तेजसने त्याच दिवशी कपारीतून डबा काढून आणला होता आणि वेबसाइटवरून तो कायमचा बंद केला होता. उघडण्याची त्याची हिंमत झाली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला, म्हणाला.

वर्षाने, मागच्या डिसेंबरात, त्या मंडळींनी मुलुंडच्या एका बागेत भेट ठरवली. रविवारी सकाळी, अविनाशच्या आठवणीसाठी. रेश्माचा फोन आला. "काकू, यायचं हं. नाही म्हणालात तर मी मुलुंडला येऊन उचलून नेईन."

गेले. पंधरा-सोळा लोक होते. एका लांब कागदावर सगळ्यांनी आपापली टोपणनावं लिहिली. भेटीला आलेल्या प्रत्येकाने लिहायचं असतं. माझ्याकडे टोपणनाव नव्हतं, मी 'वंदना' लिहिलं. लोकांनी त्याच्या गोष्टी सांगितल्या, त्याने कुणाच्या डब्याचा आकडा तीन पावलांनी चुकलाय म्हणून भांडण काढलं होतं ते सांगितलं. मीही हसले.

मग तेजसने पिशवी पुढे ठेवली. "काकू, शेवटची सही काकांची असणार. तुम्हीच उघडा."

गोळ्यांचा असतो तसा पत्र्याचा डबा. आत झिपवाल्या छोट्या पिशवीत पट्टीची गुंडाळी. ओल लागून जराशी चिकटली होती. मी नखाने सोडवली. वर तिघा-चौघांची जुनी नावं. त्याखाली त्याची पेन्सिल.

ओळंबा. १०.२०. शिंदीचं झाड.

मी वाचून दाखवलं. कुणीतरी म्हणालं, आहे आहे, शिंदी आहे तिथे. मी पट्टी आणखी उलगडली.

ओळंबा. १.२०. तांबडा कुत्रा.

ओळंबा. ३.०५. बांबू.

ओळंबा. ४.३०. चहा.

तिथे पट्टीचं टोक आलं.

मी मोठ्याने वाचत होते की मनात, ते आठवत नाही. रेश्माने माझ्या हाताखालून वाकून पाहिलं.

"तारीख तीच आहे," ती म्हणाली. "पण घड्याळ तर... दहा बावन्नला ना?"

मग तीच सांगू लागली. "मी दातांची डॉक्टर आहे, मला यातलं फार कळत नाही. पण घड्याळाचं काय, पट्टा सैल झाला तरी ठोके लागत नाहीत. काका असतील शुद्धीवर. कुत्रं आलं असेल वर. बांबू तर टेकडीवर आहेतच. चहाची तल्लफ..." आणि आपण काय बोलतो आहोत ते तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे तो साडेचारपर्यंत जिवंत होता," मी म्हटलं. "आणि मी सगळ्यांना खाजणात घेऊन बसले होते."

"नाही काकू." तेजस मध्येच म्हणाला. "मी पाहिलंय ना त्यांना. मांडीचं हाड मोडलं होतं. कपार दोन माणसांएवढी वर आहे. रेश्मा, तू सांग. मोडक्या पायाने ते तीन वेळा वर चढले? दगड काढला, सही केली, डबा परत ठेवला, दगड लावला, पुन्हा खाली येऊन होते तसेच सॅकवर पडले? आणि पेन्सिल सॅकच्या आत?"

"मग कोणी लिहिलं?"

"मला काय माहीत! डबा माझ्या कपाटात होता." मग माझ्याकडे वळून, अगदी लहान मुलासारखा, "काकू, शप्पथ, मी उघडला नाही."

मला त्याच्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं. मी खाली गवतावर बसले. कुणीतरी पाणी दिलं. मग मी त्यांना सांगितलं. आम्ही बांधावर उतरलो तेव्हा साधारण एक वीस झाले होते, आणि तांबडं कुत्रं आमच्या मागे लागलं होतं. तीनला बांबू आणले होते. साडेचारला चहा आला होता. यातलं तेजसला काही माहीत नव्हतं. साळवींना माहीत होतं, पण साळवींनी हा डबा जन्मात पाहिला नव्हता.

रेश्मा रडत होती. "काका तुमच्याजवळ होते, काकू," ती म्हणाली. "तुम्ही चुकीच्या जागी गेलात, म्हणून ते तिकडे आले."

वडिलांची मुलगी म्हणून मी तिला तिथेच थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. कारण माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. एक तर अविनाश मोडक्या पायाने, तहानलेला, दिवसभर वाट पाहत टेकडीवर पडला होता आणि मी नकाशा धरून बसले होते. नाही तर तो दहा बावन्नला गेला आणि नंतर कसा कोण जाणे, पण माझ्याजवळ होता. पहिलं शक्य होतं. दुसरं शक्य नव्हतं. मी दुसरं घेतलं. खोटं कशाला बोलू, मला दुसऱ्याने सुख वाटलं. तेजसने डबा माझ्याकडेच ठेवायला दिला. त्या रात्री वर्षानंतर मी सलग सहा तास झोपले. दुसऱ्या दिवशी भरली वांगी केली, त्याला आवडायची म्हणून, आणि पोटभर जेवले.

मंगळवारी दुपारी पट्टी सरळ करायला घेतली. जुने कागद कसे सपाट करतात ते माझ्या हातांना माहीत आहे. किंचित दमट हवा द्यायची, टीपकागदांच्या मध्ये ठेवायचं, वर जाडजूड पुस्तक. टीपकागद बदलायला संध्याकाळी पट्टी उचलली. खालच्या कागदावर पेन्सिलीची फिकट खूण उमटली होती. पट्टी पालथी होती असं मला वाटलं. पण नव्हती. लिहिलेली बाजू वरच होती.

पट्टीच्या मागच्या बाजूला कुणी लिहीत नाही. पुढची बाजू भरली की डबा लपवणारा नवी पट्टी ठेवतो. आम्ही बागेत ती उलटून पाहिलीच नव्हती. मी उलटली.

ओळंबा. ६.१०. वंदना घरी गेली.

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. दिवा लावून पाहिलं. त्याच्या मोजणीच्या वह्या काढल्या, सहाची शेपटी, एकचं डोकं, 'व'चं पोट, सगळं लावून पाहिलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या किराणा मालाच्या याद्या वाचल्या, त्याचं अक्षर ओळखायला मला तज्ज्ञाची गरज नाही.

टेकडीवर पडलेल्या माणसाला मी त्याला शोधायला बाहेर पडले आहे हेच ठाऊक नव्हतं. मी केव्हा परतले, ते तर नाहीच. म्हणजे रेश्मा म्हणाली तेच उरतं. तो तिथे होता. कुत्रं पाहिलं, बांबू पाहिले, माझ्या हातातला गार होत चाललेला चहा पाहिला. आणि बाकीचे अजून शोधायला तयार असताना मी उठले, तेही पाहिलं.

नुसतं लिहिलं आहे. रागाने लिहिलं की कसं, ते कळायला मार्ग नाही. तो समोर दिसेल तेवढंच टिपायचा, स्वतःचं मत कधी लिहायचा नाही.

ही मागची ओळ मी आजवर कुणाला दाखवली नाही. तेजसला नाही, कारण आधीच तो मुलगा डबे लपवायचं विसरला आहे. भावाला नाही. साळवींना एकदा नुसतं विचारलं, "त्या दिवशी शोध थांबवा असं कोण म्हणालं होतं हो?" ते म्हणाले, "जाऊ द्या ना वहिनी." म्हणजे त्यांनाही आठवतं.

मला काही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर संपादकांकडे जरूर कळवा. पण 'ते सदैव तुमच्या पाठीशी आहेत' असं कृपा करून लिहू नका. पाठीशी असणं म्हणजे काय, ते मला कळलं आहे.

मागच्या आठवड्यात रेश्माचा फोन आला होता. बोरिवलीला भेट आहे, संध्याकाळची. "काकू, लवकर निघायचं असेल तर सोडते मी तुम्हाला," ती म्हणाली. मी म्हटलं, येईन, पण लवकर निघणार नाही.

तिला कारण सांगितलं नाही. हल्ली संध्याकाळी सहाला मी जिथे असेन तिथे बसून घेते. बागेत, वाण्याच्या दुकानाबाहेरच्या स्टुलावर, एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नंबर येऊन गेला तरी. सहा दहा होतात. लोक उठतात, निघतात. मी उठत नाही. पुरता अंधार पडेपर्यंत बसून राहते.